रोजंदारीचा गोलंदाज

भातकापणी आटोपून मळणी झाली, की अलिबाग-पेणच्या खारेपाटात दुसरा हंगाम सुरू होतो. धसकटं काढायची, दोन-चार शेतांचे बांध फोडून एक मैदान करायचं, पाणी मारून रोलर फिरवायचा, फक्कीने रेषा आखायच्या. नाक्यावर फ्लेक्स लागतो. त्यात वर नेत्यांचे चेहरे, खाली बक्षिसांची यादी आणि दोहोंच्या मध्ये उरलेल्या जागेत तारीख. तिथपासून पहिला पाऊस पडेपर्यंत उरण ते श्रीवर्धन या किनारपट्टीवर टेनिस बॉल क्रिकेटला खंड नसतो. कुठे ग्रामपंचायत मर्यादित, कुठे तालुका मर्यादित, कुठे ओपन. दिवसा उन्हात आणि रात्री हॅलोजनखाली.

या स्पर्धांमधून एक गोलंदाज फिरत असतो. असे पुष्कळ आहेत, सोयीसाठी एकवचन वापरतो. वय तिशीच्या मागेपुढे. आठवडाभर तो बंदरातल्या कंत्राटदाराकडे, रिक्षावर, कुणाच्या तरी कॉटेजच्या देखभालीवर किंवा भावाच्या होडीवर. शुक्रवारी रात्री फोन येतो, रक्कम ठरते, शनिवारी सकाळी बाइकवरून तो त्या गावात हजर. त्या गावाची जर्सी घालतो, प्रत्येक सामन्यात वाट्याला येतात ती एक-दोन षटकं टाकतो, संध्याकाळी पैसे घेतो. रविवारी दुसरं गाव, दुसरी जर्सी, आणि समोर कदाचित कालचेच सोबती. ओळखीचं कुणी भेटलं की आधी तब्येत विचारत नाहीत. "आज कोनाकरून खेलतंस?" हा पहिला प्रश्न.

अमेरिकन बेसबॉलमध्ये अशा माणसाला रीतसर जागा आहे. एडविन जॅक्सन नावाचा पिचर २००३ ते २०१९ या काळात मेजर लीगच्या १४ संघांकडून खेळला. १०७ सामने जिंकले, १३३ हरले. एका सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही, आणि तेवढ्यासाठी १४९ चेंडू फेकले. दुसऱ्याच वर्षी तो विश्वविजेत्या संघात होता, त्यानंतर पुन्हा फिरतीवर. २०२५ मध्ये रिच हिल हा डावखुरा पिचर पंचेचाळिसाव्या वर्षी आपल्या चौदाव्या संघाकडून उतरला आणि जॅक्सनच्या बरोबरीला आला. या दोघांना तिकडे कुणी अपयशी म्हणत नाही. इतक्या संघांना ज्याची गरज पडली त्याच्या हातात काहीतरी असणारच, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

आपल्याकडे हा हिशेब होत नाही. गावोगाव फिरणाऱ्या आपल्या गोलंदाजासाठी दोनच चौकटी तयार आहेत: एक तर तो हौशी, नाहीतर 'संधी मिळाली असती तर कुठे पोचला असता' अशी हळहळ. दोन्ही चौकटी त्याच्यावर अन्याय करतात, आणि माझ्या मते दुसरी अधिक करते.

या हळहळीला सध्या एक अधिकृत कथानायक मिळाला आहे: प्रवीण तांबे. जन्म ८ ऑक्टोबर १९७१, मुंबईचा. क्लब क्रिकेट, कांगा लीगमधले चिखलातले सामने, कंपन्यांच्या स्पर्धा यांत त्याची उमेद गेली, असं आपण म्हणतो. ७ मे २०१३ रोजी राजस्थान रॉयल्सकडून तो आयपीएलमध्ये उतरला तेव्हा वय होतं ४१ वर्षं आणि २११ दिवस. तोवर प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये ५ सामन्यांत १२ बळी, स्पर्धेत सर्वाधिक. मग मुंबईकडून रणजी पदार्पण. पुढच्या हंगामात कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक, तीही दोनच वैध चेंडूंत, कारण पहिला फलंदाज यष्टिचीत झाला तो वाइड चेंडूवर. नंतर गुजरात लायन्स, सनरायझर्स हैदराबाद. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोलकात्याने लिलावात घेतलं, पण बोर्डाची परवानगी न घेता आखातात टी-टेन खेळल्याबद्दल तो अपात्र ठरला. मग २०२० मध्ये वेस्ट इंडीजची कॅरिबियन लीग खेळणारा पहिला भारतीय. २०२२ मध्ये श्रेयस तळपदेने त्याची भूमिका केलेला सिनेमा आला, आणि तांबे हे चिकाटीचं दुसरं नाव झालं.

सिनेमाला असा शेवट लागतोच. त्याबद्दल तक्रार नाही. पण हे आयुष्य नीट उलगडून पाहिलं तर वेगळीच गोष्ट हाती लागते. ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या संघात असताना कर्णधार अजय कदम यांनी तांबेला मध्यमगती सोडून लेगस्पिन टाकायला सांगितलं. वयात आलेल्या गोलंदाजाने आपली कला मोडून नव्याने घडवायची, हा निर्णय आयपीएलसाठी झालेला नव्हता. आयपीएल तेव्हा नव्हतीच. कंपनीच्या संघाला लेगस्पिनर हवा होता. चाळिशीत जो तांबे जगाला दिसला तो त्या गरजेतून, पगारी क्रिकेटच्या कारखान्यात तयार झालेला माल होता. मधली वीस वर्षं प्रतीक्षालयात गेली नाहीत. ती वीस वर्षं हीच त्याची कारकीर्द. आयपीएलची वर्षं हा तिच्यावरचा बोनस, जो त्याच्याइतक्याच लायकीच्या कित्येकांना मिळाला नाही आणि मिळणारही नव्हता.

हे मान्य करायला आपण का कचरतो? कारण मान्य केलं, तर ज्यांना बोनस मिळाला नाही त्यांच्याही वीस वर्षांची दखल घ्यावी लागते. 'एक दिवस तुझाही येईल' म्हणणं स्वस्त पडतं. तो दिवस येईपर्यंत कुणी काहीच देणं लागत नाही, आणि नाही आला तर दोष नशिबाचा.

पद्माकर शिवलकरांचं उदाहरण तर उघडं आहे. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूचे १६ धावांत ८ बळी. ३ मार्च २०२५ रोजी ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांचा सूर एकच होता: बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले, म्हणून भारताकडून खेळू शकले नाहीत. हरियाणाच्या राजिंदर गोयलांबद्दलही हेच. रणजीतले त्यांचे ६३७ बळी आजवर कुणी ओलांडलेले नाहीत. ५८९ फलंदाजांना घरी पाठवलेल्या माणसाचं आयुष्य एका न मिळालेल्या टोपीवरून मोजायचं, हा आपला शोक करण्याचा प्रकार आहे. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श क्रिकेटपटूंवरच्या पुस्तकात या दोघांना कसोटीवीरांच्या रांगेत बसवलं, ते बरोबर केलं.

तर पुन्हा खारेपाटात. इथल्या गोलंदाजाचं एक षटक जवळून पाहायला हवं, म्हणजे 'हौशी' ही चौकट किती तोकडी आहे ते कळतं. रात्रीचा सामना, शेवटचं षटक, प्रतिस्पर्ध्याला १४ हव्यात. तो आधी क्रीजपर्यंत चालत जातो. दिवसभरात फलंदाजांनी बुटांनी उकरून तिथे एक खळगा पडलेला असतो; तो कुठे आहे आणि किती खोल झालाय हे त्याला डोळ्यांनी पाहायचं असतं. त्या खळग्यात पडलेला चेंडू उसळत नाही, बॅटच्या खालून सरपटतो. मग चेंडू हातात घेऊन त्याची लव तपासतो. नवा असेल तर तो उडणार, लव झिजलेली असेल तर घसरत येणार. लेगच्या बाजूची सीमारेषा जवळ आहे, ऑफला बांधापर्यंत लांब. मग सगळे चेंडू ऑफला, पण वाइडच्या रेषेला चिकटून, आणि अंपायर त्या रेषेबाबत किती कडक आहे हे पहिल्या डावातच हेरून ठेवलेलं. दोन यॉर्कर, एक संथ चेंडू, पुन्हा यॉर्कर. संथ चेंडू टाकताना हाताचा वेग तोच ठेवायचा, नुसती बोटं फिरवायची. माइकवरचा समालोचक तोवर घसा फोडून त्याचं नाव घेत असतो. समालोचकही बाहेरगावचा, तोही पैसे घेऊन आलेला.

पाचव्या चेंडूवर षटकार गेला तर? तर गेला. चेंडू शेजारच्या वालाच्या शेतातून शोधून आणला जातो आणि सहावा पडतो. चार षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला मागचं पुसून टाकावंच लागतं, कारण तासाभराने लॉटप्रमाणे पुढचा सामना आहे. हे कसब दहा-बारा हंगामांत येतं. सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून खेळणाऱ्याकडे ते नसतं.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. यांतल्या काहींचा हात वाकतो. प्रेक्षक सरळ 'फेकी' म्हणतात, अंपायर कानाडोळा करतो, आणि वेग बघायला आलेली गर्दी खूश असते. व्यावसायिक क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपलीकडे सरळ होऊ देत नाहीत. तिथे हा हात टिकत नाही. २००९ मध्ये राजस्थान रॉयल्सने उत्तर प्रदेशातल्या टेनिस क्रिकेटमधून वर आलेला कामरान खान हा डावखुरा उतरवला होता. वेग पाहून लोक थक्क झाले, मग शैलीबद्दल तक्रार झाली, आणि काही वर्षांत तो गावी परतला. बेसबॉलमध्ये तोच हात गुन्हा ठरला नसता. तिथे फेकणं हाच धंदा आहे.

तो रस्ताही एकदा उघडून पाहिला गेला होता. जे. बी. बर्नस्टाइन या अमेरिकन एजंटने २००८ मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा घेतली. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेक करणारी पोरं निवडली गेली. बेसबॉलचा चेंडू दोघांनी कधी हातात धरला नव्हता. वर्षअखेरीस पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमधले हे पहिले भारतीय. दिनेशला दोन वर्षांतच सोडलं. रिंकू अमेरिकेतल्या खालच्या लीगांत आणि ऑस्ट्रेलियात काही वर्षं खेळला, दुखापतींनी बेजार झाला आणि शेवटी कुस्तीच्या तमाशात गेला. डिस्नेने २०१४ मध्ये सिनेमा काढला तो निवड होईपर्यंतच्या गोष्टीवर. खालच्या लीगांमधल्या बसप्रवासावर कोण काढणार?

टी. नटराजनचं नाव तर इथल्या प्रत्येक स्पर्धेत माइकवरून एकदा तरी येतं. सेलमजवळच्या खेड्यातून टेनिस बॉलचे यॉर्कर टाकत आलेला मुलगा २०२०-२१ च्या एकाच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. खरी गोष्ट आहे आणि चांगली आहे. पण त्याच्या आणि भारतीय संघाच्या मध्ये चेन्नईचं लीग क्रिकेट आणि तामिळनाडू प्रीमियर लीग या पायऱ्या होत्या. रायगडच्या मुलासाठी त्या कुठे आहेत? इथे भूगोल आणि क्रिकेटची हद्द यांचं जुनं वाकडं आहे. मांडव्याच्या धक्क्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात, रो-रो बोटीने तासाभरात भाऊचा धक्का गाठता येतो. आणि रायगड जिल्ह्याची क्रिकेट संघटना मात्र पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनशी संलग्न. म्हणजे सीझन बॉलवर नाव काढायचं तर घाट चढायचा. ज्याला रोज हजेरीवर जावं लागतं त्याने घाट चढावा कधी?

मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. टेनिस बॉल, दहा षटकं, सहा संघ, मालक सिनेमातले तारे, सल्लागारांत सचिन तेंडुलकर. गल्लीतल्या खेळाडूला प्रथमच लाखांतली किंमत आणि लिखित करार मिळाला, ही मोठीच गोष्ट. मात्र अशा मोजक्या संघांत किती जण मावणार? बाकीच्यांसाठी पुन्हा फ्लेक्स आणि शुक्रवारचा फोन.

या फोनमागचा पैसा कुठून येतो, हेही बघू. रायगडच्या उत्तर भागातल्या स्पर्धांचा थाट जमिनीशी जोडलेला आहे. सिडकोसाठी, न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी, आता विमानतळासाठी आणि अटल सेतूच्या भोवतालच्या प्रकल्पांसाठी इथली भातशेती आणि मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पाच जण पोलीस गोळीबारात गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. त्या भूखंडांभोवती भरावाचे, वाहतुकीचे, बांधकामाचे ठेके उभे राहिले. आज स्पर्धेच्या फ्लेक्सवर जे 'सौजन्य' असतं ते बहुतेक याच वर्तुळातलं. निवडणूक जवळ आली की चषकाची उंची वाढते, हे सांगायला नको. आणि ज्या शेतात पूर्वी मॅच व्हायची ते शेत भरावाखाली गेल्यामुळे स्पर्धा पुढच्या गावात सरकते.

दक्षिणेकडे, मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला, थाट कमी. तिथे अजून ओहोटीच्या कठीण वाळूवर सामने होतात आणि भरतीची वेळ हाच पंचांचा शेवटचा निर्णय असतो.

पैशाची वाटणी पाहिली की सगळं कळतं. विजेत्या संघाला रोख बक्षीस आणि माणसाच्या छातीला लागेल एवढा चषक. मालिकावीराला बाइक. उत्कृष्ट गोलंदाजाला बूट, कूलर किंवा सायकल. गावच्या प्रीमियर लीगमध्ये लिलावही होतो, पण पुष्कळदा तो गुणांचा. हातोडा पडतो, टाळ्या वाजतात, खेळाडूच्या खिशात काही पडत नाही. मंडपवाला, साउंडवाला, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणारा, या सगळ्यांचे दर आधी ठरलेले आणि काहींची तर आगाऊ रक्कम दिलेली. गोलंदाजाची रक्कम तोंडी. संघ पहिल्याच फेरीत हरला तर तीही निम्मी होऊ शकते, आणि भांडायची सोय नाही, कारण पुढच्या आठवड्याचा फोन याच वर्तुळातून यायचा असतो.

आणि खांदा? बेसबॉलमध्ये पिचरच्या हाताची काळजी बँकेतल्या ठेवीसारखी घेतात. किती चेंडू फेकले ते मोजतात, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवतात. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरचं कोपराचं अस्थिबंधन तुटलं, डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपला गोलंदाज शनिवारी दिवसा एका गावात आणि रात्री दुसऱ्या गावात टाकतो. टेनिस बॉल हलका, त्यामुळे वेग काढायला खांदा जास्त झटकावा लागतो, असं हे गोलंदाज स्वतःच सांगतात. खांदा गेला तर गावठी मालीश, मग एखादं इंजेक्शन, मग 'अलीकडे तो दिसत नाही रे' एवढं वाक्य. त्या खांद्यावर तो सोमवारी बंदरातलं कामही करत असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. खेळातली दुखापत त्याच्या हजेरीवर पडते.

'हे त्याने स्वखुशीने निवडलं आहे, कुणी जबरदस्ती केली का?' हा आक्षेप मी आयोजकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. खेळण्यात मजा आहे, गावोगावी मान आहे, पोरी-पोरं सेल्फी काढतात. हौस आहेच. पण हौस असणं आणि मोबदला ठरलेला असणं यांत विरोध कधीपासून आला? भजनी मंडळाच्या पखवाजियाला हौस असते आणि बिदागीही ठरलेली असते. उलट ज्या गर्दीसाठी मंडप घातला, ती गर्दी याच्या यॉर्करसाठी येते. तिच्यासमोर फ्लेक्सवरचे चेहरे मिरवतात. त्या गर्दीतून ज्यांना काही मिळतं त्यांनी ती गोळा करणाऱ्याला हौशी म्हणावं, यात सोय दिसते.

संघटित क्रिकेटमध्येही चित्र फार वेगळं नाही, एवढं आयोजकांच्या बाजूने सांगायला हवं. बीसीसीआयने रणजी खेळाडूंचं मानधन वाढवलं आहे. ४० हून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६०,००० रुपये मिळतात. २०२२ मध्ये माजी प्रथम श्रेणी खेळाडूंचं निवृत्तिवेतन दुप्पट होऊन १५,००० चं ३०,००० झालं. पण सध्या खेळत असलेल्या भारतीय क्रिकेटपटूंची संघटना अस्तित्वात नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आहे ती निवृत्तांची. जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट बोर्ड ज्या देशात आहे, तिथे खेळत्या माणसाने मोबदल्याबद्दल सामूहिकपणे बोलायची जागाच ठेवलेली नाही. मग टेनिस बॉलवाल्याने कुणाकडे पाहायचं?

अमेरिकेत खेळाडूंना अशी जागा मिळाली, पण तीही आपोआप नाही. मेजर लीगचे तारे कोट्यवधी डॉलर मिळवत होते, तेव्हा खालच्या लीगमधली पोरं वर्षाला दहा-बारा हजार डॉलरवर एका खोलीत पाच-सहा जण राहत होती. गॅरेट ब्रॉशस हा त्यांतलाच एक पिचर. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या खालच्या संघांमधून सहा हंगाम खेळला, वर कधीच पोचला नाही. मग कायद्याची पदवी घेतली आणि २०१४ मध्ये किमान वेतनासाठी मेजर लीगवर खटला भरणाऱ्या खेळाडूंचा तो वकील झाला. आठ वर्षांनी १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी, २०२२ मध्ये, खालच्या लीगमधले खेळाडू कामगार संघटनेत आले, आणि मार्च २०२३ च्या पहिल्या करारात सर्वांत वरच्या पायरीवरचं किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झालं. ब्रॉशसचं नाव बळींच्या कुठल्याही यादीत वर सापडणार नाही. तरी त्याच्या पिढीतल्या एखाद्या महान पिचरपेक्षा खेळासाठी त्याने अधिक केलं, असं मला वाटतं.

एवढ्या लांबचं उदाहरण देण्याची खरं तर गरज नाही. ज्या खारेपाटात हे सामने होतात तिथेच, अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या २५ गावांत, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला होता. नारायण नागू पाटील त्यांचे नेते. कुळांनी खोतांची शेतं कसायचीच नाहीत असं ठरवलं. शेतं ओस पडली, लोकांनी करवंदं विकली, लाकडं विकली, मासे धरले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कुळकायद्यापर्यंतच्या वाटेत या संपाचा मोठा वाटा आहे. भांडण पिकाच्या वाट्याचं होतं तसंच नोंदीचंही होतं. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि खोत म्हणे, तोंडी ठरलेलं पुरेसं आहे.

कुळाचं पोट त्या शेतावर होतं, गोलंदाजाचं पूर्णपणे नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसत नाही. संप करा असंही कुणाला सांगत नाही. पण त्या कुळांची पणतवंडं आज त्याच शेतात, त्याच प्रकारच्या तोंडी बोलीवर खेळतात, आणि बोली करणाराही पुष्कळदा त्यांच्याच भावकीतला असतो. म्हणूनच मागणं अवघड जातं. खोताशी भांडता येत होतं. चुलतभावाच्या मंडळाशी कसं भांडणार?

निदान नोंदीची गोष्ट आता सोपी झाली आहे. मोबाइलवरच्या क्रिकहिरोजसारख्या अॅपमुळे कुणी कुठल्या गावाकडून किती चेंडू टाकले, किती धावा दिल्या हे साठत राहतं. याआधीच्या पिढीकडे पडवीतल्या फळीवर सोनेरी मुलामा उडालेले चषक आहेत आणि स्थानिक दैनिकांची पिवळी कात्रणं. त्यांवरून कुणाचीच कारकीर्द रचता येत नाही. नव्या गोलंदाजाची रचता येईल. त्याने स्वतःच्या दराबद्दल बोलताना तो फोन पुढे करावा.

करायचं ते फार नाही. एक पान पुरेल: खेळाडूचं नाव, दिवस, रक्कम, पहिल्या फेरीत हरलो तरी ती पूर्ण मिळेल ही अट, आणि स्पर्धेपुरता अपघात विमा. विम्याचा हप्ता साउंड सिस्टिमच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. तालुक्यातल्या आयोजकांनी एकत्र बसून हे ठरवलं, तर एकट्यावर भार पडत नाही आणि चांगला गोलंदाज पैशासाठी ऐनवेळी दुसऱ्या गावाला गेला ही त्यांचीही नेहमीची तक्रार मिटते. जिल्हा संघटनेने सीझन बॉलच्या पलीकडे पाहायचं ठरवलं तर नमुना करार तीच देऊ शकेल; तिने नाही दिला तरी अडत नाही. 'असं केलं तर स्पर्धा कोण घेणार?' असं आयोजक म्हणतील. चरीच्या खोतांनीही शेतीबद्दल हेच विचारलं असणार, आणि भात अजून पिकतं आहे. जूनपासून मैदानं पाण्याखाली असतात. पुढच्या हंगामाच्या तारखा, प्रवेश फी आणि चषकाची उंची याच महिन्यांत मंडळांच्या बैठकांत ठरते. त्या बैठकीत गोलंदाजाला बोलवत नाहीत. त्याने न बोलावता जावं.